कारखान्यामागची मांजरं : या चुका टाळा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यामागे रिकामे पिंप, मोडकी पॅलेट्स आणि एक बंद पडलेला कंप्रेसर आहे. तिथे मांजरं राहतात. पॅकिंगच्या मावशी त्यांना डब्यातलं काहीबाही घालतात, कँटीनवाला काठी घेऊन मागे लागतो, आणि शेठ दर दोन महिन्यांनी म्हणतात, "याचं काहीतरी करा हो." ते ‘काहीतरी’ करताना आम्ही बहुतेक सगळ्या चुका करून बसलोय.

पोत्यात घालून लांब सोडणं

हा आपल्याकडचा सगळ्यात जुना उपाय. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं म्हणतात, त्यामुळे मारायचं नाही, नदीपलीकडे सोडून यायचं. आम्ही टेम्पोवाल्याला सांगून तीन मांजरं खाडीपलीकडे धाडली. दीड महिन्यात त्या जागी चार नवी आली. येणारच होती! कँटीनचं खरकटं तिथेच, उंदीर तिथेच, पावसाला आडोसाही तिथेच. जागा मोकळी झाली की आजूबाजूची मांजरं सरकतात, आणि नवे बोके हद्दीसाठी रात्रभर भांडतात. ज्यांना सोडलं त्यांचं काय झालं असेल, यावर मी फार विचार करत नाही. पाणी कुठे, कुत्री कुठे, लपायचं कुठे, यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं.

शेठना गप्प करायला कायदाही कामाला येतो. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० सालचा. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड पन्नास रुपयांवर जात नाही, म्हणून लोक हसतात. पण प्राण्याला मारलं, विष घातलं किंवा जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे ऐकलं की हसू थांबतं.

नुसतं खायला घालणं

मावशींना हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. साधारण नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे नसबंदी न करता रोज पोटभर घातलं तर दोनाची दहा व्हायला वर्षही लागत नाही. मग तक्रारी, आणि तक्रारींमागून विष.

पण खाणं बंद करणं हाही उपाय नव्हे. वेळ बांधा. आमच्याकडे साडेपाचला शिफ्ट सुटायच्या आधी, कंप्रेसरमागे, एकाच जागी थाळी लागते. अर्ध्या तासाने उचलायची, जागा धुवायची. दिवसभर भांडं भरून ठेवलं की मुंग्या, कावळे, उंदीर आणि शेजारच्या गाळ्याचे मॅनेजर हे सगळे येतात.

वेळ बांधल्याचा खरा फायदा वेगळाच: मोजता येतं. मी जुन्या डिलिव्हरी चलनाच्या मागे लिहून ठेवतो: ‘काळी, शेपूट वाकडी, मादी. पिवळा बोका, उजवा डोळा चिकट. पांढरी-करडी, डावा कान कापलेला.’ डाव्या कानाचं टोक सरळ छाटलेलं दिसलं तर समजायचं, तिचं ऑपरेशन झालंय. ती खूण भुलीत असतानाच करतात, म्हणजे पुन्हा कोणी पकडून पोट उघडायला नको.

काय घालायचं? दूध नको. मोठ्या मांजराला ते सहसा पचत नाही, हगवण लागते. कँटीनची ग्रेव्हीही नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. बिनमिठाचा भात आणि उकडलेली मांदेली चालते, कोरडं कॅटफूड त्याहून बरं. पाणी मात्र रोज ताजं.

पिंजरा लावायची घाई

नसबंदी करून त्याच जागी परत सोडायचं, एवढीच पद्धत टिकते. मुंबई महापालिका हे काम स्वयंसेवी संस्थांमार्फत करून घेते. इतर ठिकाणी आधी पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात विचारा. पण डॉक्टरची तारीख हातात आल्याशिवाय मांजर पकडू नका. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पकडलं आणि सोमवारपर्यंत कोणी घेईना.

मांजर पिंजऱ्यात शिरत नाही, ही पहिली तक्रार. बहुधा पायाखालची जाळी टोचते, म्हणून तळाला वर्तमानपत्र पसरा. चार-पाच दिवस दार दोरीने बांधून उघडं ठेवा आणि रोजची थाळी आतच लावा. पकडायच्या आदल्या दिवशीची थाळी चुकवा, म्हणजे पोट रिकामं राहतं आणि भुलीत उलटीचा धोका कमी होतो. मग आत, अगदी मागच्या बाजूला, सुके बोंबील. तो वास माझ्या शर्टाला दोन धुण्यांनंतरही होता, पण काम झालं. दार पडलं की लगेच जाड चादर टाका. अंधारात मांजर शांत होतं. हात आत घालून कुरवाळायला जाऊ नका. ते पाळीव नाही, त्याला तुमची माया कळत नाही, फक्त हात दिसतो.

आता माझी चूक. वाकड्या शेपटीची काळी मी पहिल्याच खेपेला पकडली आणि खुशीत दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी भूल देण्याआधी पोटाखाली बोट दाखवलं. स्तनांभोवतीचे केस झडलेले, स्तन ओले. "पिल्लं कुठेयत?" मला ठाऊकच नव्हतं. रिक्षाने तसेच परत आलो, दार उघडलं, आणि ती बाणासारखी पॅलेट्सच्या चवडीत घुसली. आतून चिरकी म्याव म्याव ऐकू आली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून नियम: मादी थाळीवर आली की आधी पोट पाहायचं. अंगावर पाजत असेल तर पिल्लं स्वतःहून खायला लागेपर्यंत थांबायचं.

ऑपरेशननंतर त्याच संध्याकाळी सोडू नका. भुलीतून उठणाऱ्या मांजराला अंगाची ऊब सांभाळता येत नाही, म्हणून पंखा आणि एसी बंद. आम्ही स्टोअररूममध्ये ठेवतो. बोका एक रात्र, मादी निदान दोन. मग सकाळी, ट्रकची ये-जा सुरू व्हायच्या आत, कंप्रेसरमागेच सोडायची.

पिल्लं दिसली की उचलणं

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, हे घरोघरी माहीत असतं, पण एकटं पिल्लू दिसलं की सगळे विसरतात. आई बहुधा एकाला हलवून दुसऱ्यासाठी येत असते, किंवा तुम्ही उभे आहात म्हणून पिंपामागे बसलेली असते. लांब जाऊन दोन-चार तास वाट पाहा. पिल्लू थंडगार पडलं असेल, डोळे चिकटले असतील, मुंग्या लागल्या असतील तर मात्र थांबू नका. आधी ऊब द्या, मग डॉक्टर. गायीचं दूध तोंडात ओतू नका. माणसाळवायचं आणि घर शोधायचं असेल तर साधारण दोन महिन्यांच्या आतच. पुढे ते फिस्कारायला शिकतं.

स्वच्छतेच्या नावाखाली

फिनाईल आणि डांबर गोळ्या मांजरं पळवायला टाकतात. ही रसायनं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. उंदरांचं विषही तसंच, विष खाल्लेला उंदीर मांजर खातं. कोणाला दया येऊन तापाची गोळी द्यावीशी वाटली तर हात धरा. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते.

पावसाळ्यात ड्रायव्हर लोकांनी गाडी चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. उबेला मांजर इंजिनजवळ चढून बसतं.

चावलं किंवा ओरबाडलं तर हळद, चुना काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या इंजेक्शनसाठी जा. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो, हा समज आमच्या वॉचमनचाही होता.

आता यादीत एकच नाव उरलंय, पिवळा बोका. तीनदा त्याने बाहेरून पंजा घालून बोंबील ओढून नेले, एकदा पिंजऱ्याच्या टपावर बसून मावशींची वाट पाहिली. सध्या दार बांधून उघडंच ठेवलंय आणि थाळी रोज चार बोटं आत सरकवतोय. काल पुढचे दोन पाय आत ठेवून जेवला.