ब्लूजच्या कार्यक्रमाला जाताना: उभं कुठं राहायचं, ऐकायचं काय

छोट्या जागेत ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातून आलेल्या संगीताचा, बँड ऐकायला जाणार असाल, तर वेळेच्या थोडं आधी पोचा आणि पहिल्यांदा जागा धरा. स्टेजला खेटून उभं राहिलं की सगळं नीट ऐकू येईल असं वाटतं, पण तसं होत नाही. लहान हॉलमध्ये ड्रम आणि गिटार यांचा आवाज बराचसा थेट कानावर येतो. मोठ्या स्पीकरमधून येतो तो मुख्यतः गायकाचा आवाज, आणि ते स्पीकर स्टेजच्या दोन्ही टोकांना, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवलेले असतात. त्यामुळे अगदी पुढे मधोमध उभ्या राहिलेल्या माणसाला झांजा भरपूर ऐकू येतात आणि शब्द मात्र कळत नाहीत. गिटारच्या अँपच्या (आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्याच्या) थेट समोरही नको. त्यातले टोकदार स्वर सरळ रेषेत येतात, दोन पावलं बाजूला झालं तरी फरक पडतो. मी मिक्सरच्या टेबलाच्या जरा पुढे उभी राहते. साउंड इंजिनिअर त्याच्या कानाला जसं ऐकू येतं त्यावरूनच सगळं जुळवत असतो, म्हणून समतोल तिथंच सापडतो.

कानात घालायचे प्लग न्या. हे मी प्रत्येकाला सांगते. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला जास्तीत जास्त ८ तास राहावं, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. ड्रमसह वाजणारा बँड तिथवर सहज जातो. साधे फोमचे प्लग वरचे स्वर जास्त दाबतात आणि संगीत गढूळ वाटतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले मिळाले तर ते घ्या.

आता ऐकण्याबद्दल. एक गोष्ट घरूनच शिकून जा: बारा बार मोजणं. बहुतेक ब्लूज बारा बारच्या आवर्तनात फिरतं, एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण ४८. पहिले चार बार षड्जाच्या कॉर्डवर, म्हणजे षड्जावर उभ्या केलेल्या, एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर. मग दोन मध्यमाच्या, दोन परत षड्जाच्या. नववा पंचमाचा, दहावा मध्यमाचा, आणि शेवटचे दोन घरी परत आणणारे. त्यातही अखेरीस पंचम डोकावतो आणि पुढचं आवर्तन सुरू होतं. कधी दुसऱ्याच बारला मध्यम येतो, कधी आठच बार असतात, पण हा मूळ साचा ओळखता आला की बाकीचं आपोआप कळतं. चार बार झाले की बास (खर्जातली गिटार) खालून सरकतो, ते पोटात जाणवतं. माझी एक मैत्रीण संगीत अजिबात शिकलेली नाही, पण ती बोटांच्या पेरांवर बार मोजते आणि नवव्या बारला हमखास माझ्याकडे बघते. तबल्याच्या साथीला सम कुठं येणार हे कळायला लागल्यावर जो आनंद होतो, अगदी तोच आहे हा.

शब्दही याच साच्यात बसतात. एक ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसरी ओळ त्यांना उत्तर देणारी. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात, पण गायक साधारण निम्म्यातच थांबतो. उरलेली जागा गिटार नाहीतर माउथ ऑर्गन भरतं. या रिकाम्या जागांकडे कान द्या, ब्लूजचा जीव तिथं आहे. ब्लूजचे नामवंत गायक-गिटारवादक बी. बी. किंग गाताना गिटार वाजवत नसत. आधी गळा बोलायचा, मग ‘ल्युसिल’ नावाची त्यांची गिटार उत्तर द्यायची. तार ओढून वर नेलेला गांधार ऐका: कोमलच्या वर, शुद्धच्या खाली, मधेच कुठंतरी. मींड ऐकून तयार झालेल्या कानांना तो लगेच आपलासा वाटतो.

माउथ ऑर्गनवाला मायक आणि वाद्य दोन्ही ओंजळीत घट्ट धरून वाजवत असेल, तर त्याच्या तळहातांकडे बघा. ओंजळ उघडली-मिटली की आवाजाचा रंग बदलतो. वाद्य असं अँपमधून फाडून वाजवण्याची रीत लिटल वॉल्टर या माउथ ऑर्गनवादकाने शिकागोत गाजवली. गायक-गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीतून त्याच शहरात आले होते. तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच जात नसे, म्हणून विजेची आली. आज तुमच्यासमोर वाजणारा बँड बहुधा याच घराण्यातला असतो.

टाळी दोन आणि चारवर, जिथं स्नेअर (ड्रमच्या संचातला कडक आवाजाचा छोटा ड्रम) पडतो तिथं. एक आणि तीनवर वाजवली तर ड्रमरच्या विरोधात जाते. आणि बँड आवाज अगदी खाली आणतो तेव्हा बोलू नका, प्लीज! कसलेला बँड सोलोच्या (एकाच वादकाच्या वादनाच्या) मधे कुजबुजीइतका हळू होतो आणि मग पुन्हा चढत जातो. ती चढण चांगली जमली, तर ती अख्ख्या रात्रीतली सर्वोत्तम गोष्ट असते.

मध्यंतराला निघून जाऊ नका. पहिल्या सेटमध्ये बसवलेली गाणी असतात. दुसऱ्यात हात मोकळे झालेले असतात, पाहुणा वादक स्टेजवर चढतो, आणि म्होरक्या फक्त स्वर आणि चाल सांगून सुरुवात करतो. त्याच्याकडे लक्ष ठेवा. मान हलवली की सोलो दुसऱ्याकडे गेला, मूठ वर गेली की सगळे थांबणार. बास आणि ड्रम वाजवणारे सतत एकमेकांकडे का बघतात, हेही तेव्हा उमगतं.

कार्यक्रम संपला की वादक वायर गुंडाळत असतात. त्यांची सीडी किंवा रेकॉर्ड विकायला असेल तर घ्या. छोट्या बँडला ते पैसे थेट मिळतात. नुसतं ‘छान झालं’ म्हणण्यापेक्षा एखादी नेमकी जागा सांगा, अमुक गाण्यात तुम्ही आवाज खाली आणलात ती. बासवाल्याशी जरूर बोला, त्याच्याकडे फारसं कोणी जात नाही. पुढचा कार्यक्रम कधी, आणि दुसरं कुणाला ऐकावं, हे त्यालाच विचारा.