मथळ्यातली फिरकी: क्रीडा डेस्कवर नव्याने येणाऱ्यांसाठी

क्रीडा डेस्कवर आल्या आल्या पहिला मोह पडतो तो खेळाडूंच्या नावांचा. 'विराट विजय', 'यशस्वी सलामी', 'अजिंक्य भारत'. मथळा आयताच हाती येतो. सुरुवातीची दोन वर्षं मीही तेच केलं. सूर्यकुमार यादव स्वस्तात बाद झाला त्या रात्री मी 'सूर्यास्त' असा मथळा दिला. पान सोडण्याआधी वरिष्ठांनी तो खोडला. म्हणाले, "अगं, हा शब्द आपण माणूस गेल्यावर वापरतो. सकाळी चहाबरोबर पेपर उघडणाऱ्याच्या काळजात धस्स होईल."

तेव्हापासून मी एकच बघते: कोटी काढून टाकली तर बातमीतलं काही कमी होतंय का? होत नसेल, तर ती कोटी नको.

29 जून 2024 ला ब्रिजटाउनला टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना होता. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला 16 धावा हव्या होत्या. डेव्हिड मिलरचा फटका षटकारच होणार असं वाटत असताना सूर्यकुमारने सीमारेषेलगत चेंडू पकडला, तोल जातोय म्हणून वर उडवला, स्वतः रेषेपलीकडे गेला आणि आत येऊन तो पुन्हा झेलला. भारत 7 धावांनी जिंकला. बाहेरगावी लवकर जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान कधीच गेलं होतं. शहर आवृत्तीतल्या चौकटीला मी मथळा दिला, 'सूर्याने सीमा राखली'. सामना न पाहिलेल्यालाही त्यातून काय घडलं ते कळतं. हा मथळा मला आजही आवडतो.

नावांपेक्षा खेळाच्या शब्दांकडे बघा, तिथे खरा खजिना आहे. कुस्तीच्या आखाड्यातला 'चीत' क्रिकेटमध्ये येऊन त्रिफळाचीत, पायचीत, यष्टिचीत झाला. 'धावा' काढतात आणि देवाचाही करतात. फिरकी टाकतात तशी घेतातही. डाव मांडतात, साधतात, उधळतात. भोपळा तर फोडावाच लागतो! असे शब्द वहीत टिपून ठेवा, रात्री साडेअकराला ते सुचत नाहीत.

'बळी' मात्र जपून वापरा. 4 जून 2025 ला बंगळूरला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत 11 जण गेले. बंगळूर संघाच्या आयपीएल विजयाचा जल्लोष बघायला आलेले क्रिकेटवेडेच होते ते. त्यानंतर कितीतरी दिवस मी मथळ्यात 'बळी' येऊ दिला नाही. 'पाच विकेट' असंच लिहिलं.