पीएल-२५९ लावताना रिंग आधी, पंखा बंद

पीएल-२५९ हा रेडिओच्या अँटेनाच्या कोॲक्स केबलला (मधे तार, भोवती प्लास्टिक, त्यावर तारांची जाळी) लावायचा कनेक्टर. केबल सोलायच्या आधीच कनेक्टरची फिरती रिंग केबलवर ओवून ठेवा. सोल्डर झाल्यावर आठवली आणि केबलचं दुसरं टोक मोकळं नसेल, तर सगळं उसवावं लागतं.

आरजी-२१३ ही जाड कोॲक्स केबल सोलताना मापं पाठ करत बसू नका. कनेक्टर केबलशेजारी धरून खुणा करा. ब्लेड हलक्या हाताने फिरवा, जाळीची तार कापली जाता कामा नये. जाळीला आधी कथील चढवा.

खरी गोची उष्णतेची. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने कनेक्टरची बॉडी तापत नाही, आणि टेकवून बसलात की आतलं पॉलिथिलीन (मधल्या तारेभोवतीचं प्लास्टिक) वितळून मधली तार जाळीकडे सरकते. १०० वॉटचं, जाड टोकाचं आयर्न घ्या, पटकन तापवा, पटकन काढा. निकेलच्या मुलाम्यावर कथील धरत नाही, म्हणून बॉडीवरच्या, जाळी सोल्डर करायच्या भोकांच्या कडा कानसीने घासा. पंखा बंद हवा. सोलापूरच्या मे महिन्यात ही शिक्षाच, तेव्हा काम पहाटे उरका.

अँटेना जोडण्याआधी मल्टिमीटर लावा: पिन आणि बॉडी यांत कंटिन्युइटी (वीज आरपार जाणं) नको. मोजताना केबल जरा हलवून बघा.

हा कनेक्टर मुळात वॉटरप्रूफ नाही. गच्चीवर साध्या पीव्हीसी टेपचा गोंद उन्हाने पाघळतो. आधी सेल्फ-ॲमल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप ताणून, खालून वर गुंडाळा, म्हणजे पाणी पदरांवरून ओघळून जाईल.