मैदानावरून आल्यावर अभ्यासात लक्ष कसं लावावं

संध्याकाळी खो-खोचा सराव चालू असतो तेव्हा चौरसात बसलेल्या पोरांकडे जरा निरखून बघा. शेजारच्याचं तोंड उलट दिशेला, नजर पळणाऱ्यावर, कान पाठीमागून येणाऱ्या 'खो'कडे. आधी उठलं तर फाऊल, उशिरा उठलं तर गडी निसटला. याच मुलाचे आई-वडील मला सांगतात, "सर, ह्याचं अभ्यासात लक्षच लागत नाही." मला ते पटत नाही. लक्ष आहेच. ते मैदानावरून पुस्तकापर्यंत आणायची रीत तेवढी शिकायला हवी.

सुरुवात कागदावर आठवडा मांडून करा, आणि त्यात आधी झोप लिहा. 14 ते 17 वयाला रोज 8 ते 10 तास झोप लागते. दिवसभर वाचलेलं झोपेत पक्कं होतं, म्हणून ती कापून केलेला अभ्यास टिकत नाही. मग शाळा, क्लास, सराव, जाण्यायेण्याचा वेळ लिहा. उरेल तो अभ्यासाचा वेळ. तो कमीच निघेल, पण खरा असेल.

दुसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची: घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास. आमच्या संघातली नववीची एक मुलगी सात वाजता घरी पोचली की पायाची माती तशीच ठेवून इतिहासाचं पुस्तक उघडायची. तासाभराने विचारलं तर पान तेच, आणि डोक्यात खांबापाशी झालेली चूक. तिला मी क्रम बदलायला लावला. आधी पाणी, कारण सोलापूरच्या उन्हात घामावाटे गेलेलं पाणी भरून निघालं नाही की डोकं जड होतं, वाचलेलं शिरत नाही. मग हातपाय धुणं, अर्धी भाकरी, शेंगाचटणी, दही. पोटभर जेवण नंतर. त्यानंतर एका वहीत सरावाच्या दोन ओळी: "खांबाला वळताना उजवा पाय घसरला. उद्या सरांना विचारायचं." कागदावर उतरलं की ते मनात घोळत राहत नाही. त्याच पानावर खाली आजच्या अभ्यासाचा एकच प्रश्न लिहायचा आणि त्याचं उत्तर शोधायलाच पुस्तक उघडायचं. पंधरा दिवसांत तिची आईच म्हणाली, आता हाक मारली तरी अभ्यासावरून लवकर उठत नाही.

बसल्यावर 25 मिनिटं अभ्यास, 5 मिनिटं उठून फिरणं. मोबाईल दुसऱ्या खोलीत. उलटा करून शेजारी ठेवला तरी मन तिकडे जातंच. अभ्यासाची शेवटची पाच मिनिटं पुस्तक मिटून आठवेल ते लिहा. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा हे कितीतरी जास्त लक्षात राहतं.

घरात आवाज असेल तर? सोलापूरच्या पूर्व भागातली मुलं यंत्रमागाच्या खडखडाटात अभ्यास करतात. एकसुरी आवाजाची सवय होते. बोलण्याची होत नाही, कारण शब्द कानावर पडले की मन त्यांचा अर्थ लावायला धावतं. म्हणून घरच्यांनी तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवावा आणि फोनवर बोलायला बाहेर जावं, ही माझी हात जोडून विनंती.

स्पर्धेच्या आठवड्यात नवा धडा घेऊ नका, झालेल्याचीच उजळणी करा. तारखा कळताच वर्गशिक्षकांना सांगा. दहावी-बारावीच्या खेळाडूंनी सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेतून वेळेत गेला का, ते स्वतः विचारावं. पण त्या गुणांच्या भरवशावर एकही विषय सोडू नये.

जानेवारीत सोलापुरात होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतो आणि त्याच सुमारास पूर्वपरीक्षा येते. गड्ड्याला जरूर जा. कुठल्या संध्याकाळी जायचं ते आधी ठरवा, सरावाच्या वहीत तारीख लिहा आणि त्या दिवशी पुस्तक घरीच मिटून ठेवा.