म्हशीच्या जबड्याखाली सूज दिसली तर

बडोद्याच्या आसपास पावसाळ्यानंतर तळ्याकाठी चरणाऱ्या सुरती म्हशींचं दूध हळूहळू आटतं, शेण पातळ होतं, आणि आपण दोष देतो सरकी पेंडीला. आधी खालची पापणी ओढून बघा. आतला भाग फिका पडला असेल आणि जबड्याखालच्या मऊ सुजेवर बोट दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर यकृतातल्या चपट्या कृमींचा, म्हणजे लिव्हर फ्लूकचा संशय घ्या. मात्र सूज गरम, ताप जोरात आणि श्वासाला घरघर असेल तर तो घटसर्प, म्हणजे जनावरांचा झपाट्याने जीव घेणारा संसर्ग असू शकतो. तिथे तासाचाही उशीर नको.

शेण तपासून घ्याच, पण लागण झाल्यावर पहिले दोन-तीन महिने त्यात अंडी दिसतच नाहीत. ऑक्सिक्लोझानाइड हे औषध मोठ्या कृमींवर चालतं, ट्रायक्लाबेंडाझोल लहानांवरही. कुठलं, किती आणि दूध किती दिवस वापरायचं नाही, हे पशुवैद्यकालाच विचारा. शेजाऱ्याची उरलेली बाटली नको.

या कृमीच्या वाढीचा एक टप्पा पाण्यातल्या गोगलगायीत जातो आणि तिथून बाहेर पडलेली पिल्लं काठच्या गवताला चिकटतात. त्यामुळे पाण्यात बुडालेलं काठचं गवत कापून आणू नका, आणि पाणी हौदातलंच पाजा.