आयबीएम एमक्यू शिकताना या चुका टाळा

आयबीएम एमक्यू म्हणजे एका प्रोग्रॅमचे मेसेज दुसऱ्यापर्यंत पोहोचवणारं सॉफ्टवेअर, आणि मेसेज ज्या रांगेत थांबतात ती क्यू. क्यू भरली, २०५३ (‘क्यू भरली’ हा एरर कोड) आला, की नवखा माणूस पहिलं काय करतो? मॅक्सडेप्थ, म्हणजे क्यूत मावणाऱ्या मेसेजची मर्यादा, वाढवतो. डीफॉल्ट ५००० असतं, त्याचं एक लाख करतो आणि चहाला जातो. हे बघून मला खरंच त्रास होतो. क्यू भरली याचा अर्थ मेसेज टाकणारा चालू आहे आणि उचलणारा कुठेतरी अडकलाय. आधी त्या उचलणाऱ्याला शोधा. मी डिस्प्ले क्यूस्टेटस ही कमांड चालवून आयपीप्रॉक्स, म्हणजे वाचायला क्यू किती जणांनी उघडलीय तो आकडा, बघतो. तो शून्य असेल तर वाचायला कोणी जोडलेलंच नाही. शून्य नसेल आणि तरी ढीग वाढत असेल, तर माझी पहिली शंका विषारी मेसेजवर, म्हणजे प्रोग्रॅम दर वेळी ज्यावर अडतो अशा मेसेजवर.

एका कंपनीच्या ऑर्डर सिस्टीमवर मी रात्रपाळीला होतो. माझ्यासोबतच्या मुलाने मॅक्सडेप्थ दोनदा वाढवली होती, तरी क्यू पुन्हा भरत आली होती. प्रोग्रॅम सिंकपॉइंटखाली (काम पुरं होऊन कमिट, म्हणजे पक्कं, केल्यावरच मेसेज क्यूतून जातो अशा पद्धतीने) मेसेज उचलायचा, आणि पहिल्याच ऑर्डरमध्ये रकमेच्या जागी काहीच नव्हतं. त्यावर प्रोग्रॅम कोसळायचा. एमक्यू रोलबॅक करून मेसेज होता तिथेच परत ठेवायचा. स्क्रिप्ट प्रोग्रॅमला पुन्हा उठवायची आणि समोर तीच ऑर्डर. पहाटे तीनला मी एमक्यूसोबत येणाऱ्या एएमक्यूएसबीसीजी या प्रोग्रॅमने क्यू नुसती ब्राउज केली, म्हणजे मेसेज न उचलता पाहिली. पहिल्या मेसेजचा बॅकआउट काउंट (तो किती वेळा परत ठेवला गेला तो आकडा) चार आकडी होता! मागे हजारो चांगल्या ऑर्डरी खोळंबल्या होत्या. तो एक मेसेज दुसऱ्या क्यूवर हलवला आणि बाकीच्या भराभर निघून गेल्या.

तेव्हापासून कामाची कुठलीही क्यू बनवताना बीओथ्रेश (कितीदा परत आल्यावर मेसेज बाजूला काढायचा ती मर्यादा) ३ आणि बीओक्यूनेममध्ये (बाजूला काढलेले मेसेज जातात त्या क्यूचं नाव) वेगळी क्यू हे मी त्याच कमांडमध्ये लिहितो. डीफॉल्टला बीओथ्रेश शून्य आणि बीओक्यूनेम रिकामं असतं. जेएमएस (जावामधून मेसेज पाठवायची-घ्यायची पद्धत) वापरत असाल तर लायब्ररी हे आकडे वाचून मेसेज स्वतः बाजूला काढते. सी किंवा कोबोलमधून थेट एमक्यूआय (एमक्यूचे स्वतःचे कॉल) वापरत असाल तर मात्र काउंट तपासून मेसेज हलवणं तुमच्याच कोडचं काम. क्यू मॅनेजर (सगळ्या क्यू सांभाळणारा एमक्यूचा सर्व्हर) ते करून देईल या भरवशावर राहू नका.

डेड लेटर क्यूचंही, म्हणजे पोहोचवता न आलेले मेसेज ठेवायच्या क्यूचंही, असंच. सिस्टिम डॉट डेड डॉट लेटर डॉट क्यू या नावाची क्यू आयती मिळते, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण क्यू मॅनेजरच्या डेडक्यू या सेटिंगमध्ये तिचं किंवा दुसऱ्या एखाद्या क्यूचं नाव लिहिल्याशिवाय ती वापरली जात नाही. मग पलीकडे एखादा पर्सिस्टंट (रीस्टार्टनंतरही टिकणारा) मेसेज पोहोचवता आला नाही की चॅनलच (मेसेज ज्या जोडणीवरून जातात ती) थांबतो आणि त्याच चॅनलवरून जाणारी सगळ्यांची वाहतूक अडते. नाव पहिल्याच दिवशी लिहा आणि ती क्यू रोज सकाळी उघडून बघा.

२०३५ (‘परवानगी नाही’ हा एरर कोड) बद्दल मला जरा कडक बोलायचंय. आवृत्ती ७.१ पासून नव्या क्यू मॅनेजरवर चॅनल ऑथेंटिकेशन (सीएचएलऑथ, चॅनलवरून कोणाला आत घ्यायचं त्याचे नियम) चालूच असतं आणि एमक्यूएम या ॲडमिन गटातल्या युजरला बाहेरून क्लायंट म्हणून शिरू देत नाही. शिकणारा नेमका त्याच युजरने येतो, अडतो आणि सीएचएलऑथ बंद करून टाकतो. ‘आत्तापुरतं’ म्हणून बंद केलेलं ते तसंच प्रॉडक्शनला गेलेलं मी पाहिलंय. पाच मिनिटं थांबा. क्लायंटला फक्त २०३५ दिसतो. खरं कारण क्यू मॅनेजरच्या एरर लॉगमध्ये असतं, चॅनलच्या नियमाने अडवलं, पासवर्ड चुकला की क्यूवर हक्क नाही. ते वाचा, साधा युजर बनवा आणि त्याला लागतात तेवढेच हक्क द्या.

२०८५ (‘या नावाची क्यू सापडली नाही’) आला तर नावातली अक्षरं तपासा. रनएमक्यूएससीमध्ये (एमक्यूच्या कमांड द्यायचा प्रोग्रॅम) अवतरणचिन्हं दिली नाहीत तर नाव कॅपिटलमध्ये जातं, तुमच्या कोडमध्ये ते स्मॉल असतं.

सेंडर आणि रिसीव्हर चॅनलचं नाव दोन्हीकडे अगदी एकच हवं.

क्यू मॅनेजर रीस्टार्ट झाल्यावर मेसेज गायब? नव्या क्यूवर डीफप्सिस्ट (DEFPSIST, मेसेज आपोआप पर्सिस्टंट ठरवायचे का ते सेटिंग) ‘नो’ असतं. प्रोग्रॅमने तो निर्णय क्यूवर सोडला असेल तर मेसेज टिकत नाही.

आणि डेप्थ (क्यूतल्या मेसेजची संख्या) १ दिसतेय पण गेट केल्यावर २०३३ (‘मेसेज नाही’) येतोय, असं झालं तर एमक्यूला दोष देऊ नका. टाकणाऱ्याने बहुधा अजून कमिट केलेलं नाही. क्यूस्टेटसमध्ये अनकॉम (कमिट न झालेले बदल) ‘नो’ सोडून दुसरं काही, आकडा किंवा ‘येस’, दाखवतंय का बघा आणि त्याला फोन करा.