गोल्फ खेळताय? मग गल्ली क्रिकेटच्या या सवयी टाळा

गल्ली क्रिकेट खेळत मोठा झालेला माणूस गोल्फमध्ये पहिल्यांदा अडकतो तो ट्रायल बॉलवर. टीवर (होलची सुरुवात जिथून होते तिथे) उभा राहिला, जोरात क्लब (गोल्फची काठी) फिरवला, बॉल जागच्या जागी, आणि हा हसत म्हणतो "हा ट्रायल होता". नाही हो. बॉल मारायच्या इराद्याने क्लब फिरवला की हवेत गेला तरी तो एक स्ट्रोक (फटका) धरायचा. हां, नुसता अंदाज घेताना क्लबचा धक्का लागून बॉल टीच्या काडीवरून पडला तर काही नाही, उचलून परत ठेवा.

मी नवीन असताना मला सगळ्यांनी स्विंगचंच ज्ञान दिलं, डोकं खाली ठेव, घाई करू नको वगैरे, पण हात बॉलला कधी लावायचा आणि कधी नाही हे कुणी सांगितलंच नाही, आणि माझ्या निम्म्या पेनल्ट्या (दंडाचे जादा स्ट्रोक) तिथेच गेल्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हरवलेला बॉल. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये रफमधलं (कडेच्या न कापलेल्या भागातलं) गवत असं माजतं की समोर पडलेला बॉल दिसत नाही, मग चौघं मिळून दहा-दहा मिनिटं शोधत बसतात आणि मागचा ग्रुप कंबरेवर हात ठेवून उभा. शोधायला 3 मिनिटं मिळतात, 2019 च्या आधी 5 होती. तेवढ्यात नाही सापडला तर एक पेनल्टी घेऊन आधी जिथून मारला तिथूनच परत मारायचा, म्हणजे टीवरचा शॉट असेल तर पुढचा तिसरा. एवढं मागे चालत यायचं नसेल तर शंका आली की तिथूनच दुसरा बॉल मारून ठेवा, पण "प्रोव्हिजनल (तात्पुरता) मारतोय" हे तोंडाने बोला. गुपचूप मारला तर तोच तुमचा खरा बॉल होतो, मग पहिला सापडला तरी उपयोग नाही. काही ठिकाणी दोन पेनल्टी घेऊन पुढेच ड्रॉप करायची (बॉल हातातून खाली सोडायची) सोय लोकल रूलमध्ये (त्या मैदानाच्या नियमात) असते, सुरू करायच्या आधी विचारून घ्या.

आता चिखल. बॉल पडला तिथेच आपल्या जोराने जमिनीत रुतला असेल तर (बंकर म्हणजे वाळूचा खड्डा, आणि पेनल्टी एरिया म्हणजे लाल-पिवळ्या खुंट्यांनी आखलेला पाण्याचा वगैरे भाग, हे सोडून) फुकट ड्रॉप मिळतो, गुडघ्याच्या उंचीवरून, खांद्यावरून नाही, तो जुना नियम. पण नुसता चिखल लागलाय म्हणून फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) उचलून पँटला पुसला तर एक पेनल्टी. मी हे केलंय, आणि वर शहाण्यासारखं सगळ्यांना दाखवलंयसुद्धा.

खुंट्यांचा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. लाल किंवा पिवळा खुंटा आड आला तर उपटून बाजूला ठेवता येतो, पांढरा म्हणजे हद्द, तो उपटलात तर दोन पेनल्टी.

बंकरमध्ये बॉलच्या मागे क्लब वाळूवर टेकवायचा नाही, वाळूला लागेल असा प्रॅक्टिस स्विंगपण नाही. पानं, काड्या काढल्या तर चालतात, फक्त बॉल हलला नाही पाहिजे. ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) मात्र नियम बरेच सैल झालेत, चुकून पाय लागून बॉल हलला तरी पेनल्टी नाही, परत जागेवर ठेवायचा, आणि झेंडा होलमध्ये तसाच ठेवून पट (जमिनीवरून सरपटता फटका) मारता येतो. पण उचलायच्या आधी मागे नाणं ठेवा राव, हे विसरलात की एक पेनल्टी गेली.

दुसऱ्याचा बॉल मारणं तर फारच कॉमन. दोघांकडे एकाच कंपनीचा आणि एकाच नंबरचा बॉल असतो, म्हणून स्केचपेनने आपली खूण करा. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) चुकीचा बॉल मारला तर दोन पेनल्टी आणि आपला शोधून मारायचाच.

आणि स्पर्धेत शेजारच्याला "कुठला क्लब मारलास रे?" विचारू नका. दोन पेनल्टी. अंतर विचारलं तर चालतं, आपल्या कॅडीला (बॅग उचलणाऱ्या मदतनीसाला) तर काहीही विचारा. बॅगेत 14 पेक्षा जास्त क्लब चालत नाहीत, भाच्याने हौसेने टाकलेला पंधरावा क्लबपण मोजतात.

राहता राहिलं स्कोअरचं कार्ड. "सोड ना, पाचच लिही" हे रविवारी सकाळी मित्रांमध्ये ठीक आहे, पण स्पर्धेत कार्ड दुसऱ्याने लिहिलेलं असलं तरी प्रत्येक होलच्या आकड्याची जबाबदारी तुमची. सहाचे पाच लिहून सही केलीत तर बाद, आणि पाचाचे सहा लिहिलेत तर ते सहाच राहतात.